मोरीतली डिस्क

"कोर्टाची माणसं गेटवर आलीत," रणधीर पन्हाळे म्हणाला आणि त्यानं लॅबचं दार पायानंच मागं लोटलं. "वॉचमनला सांगितलंय, वीस मिनिटं थोपव. चावी सापडत नाही म्हण, काय वाट्टेल ते म्हण. नेत्या, डबा उघड ह्या मशीनचा."

स्क्रू-ड्रायव्हर मी खिशात घालूनच आलो होतो. टेबलाखालचा कॉम्प्युटर बाहेर ओढला, केबली उपटल्या आणि गुडघ्यावर बसून बाजूचा पत्रा सोडवायला लागलो. काचेपलीकडं भट्टी धडधडत होती. मंगळवार, सकाळचे साडेअकरा.

"ह्यातल्या नोंदींची आणखी कुठं नक्कल आहे?" रणधीरनं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं की, दादा."

ते खोटं होतं. बाहेर माझ्या स्कूटरच्या डिकीत, रेनकोटच्या पिशवीत, त्या डिस्कची पूर्ण नक्कल पडून होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, पन्हाळे बंधूंच्या फाउंड्रीत कॉम्प्युटर सांभाळायचो. थोरले मालक आजारपणामुळं घरीच असायचे. सगळा कारभार रणधीरकडं, म्हणजे धाकट्याकडं. बिडाचा रस भट्टीत तयार झाला की त्यातला पळीभर ओतून एक लहान बिल्ला करायचा. तो लॅबमध्ये आणून पाण्यात गार करायचा, घासायचा आणि स्पेक्ट्रो मशीनखाली धरायचा. मशीन त्यावर ठिणगी पाडतं आणि त्यात कार्बन किती, गंधक किती ते सांगतं. तो प्रत्येक आकडा तारीख-वेळेसकट या कॉम्प्युटरमध्ये राहायचा.

आम्ही एका ट्रॅक्टर कंपनीला पुढच्या अॅक्सलचे भाग पुरवत होतो. त्या गळीत हंगामात तीन ठिकाणी ते भाग मोडले. एका ठिकाणी उसाची ट्रॉली उलटून दोन माणसं दबून मेली. ट्रॅक्टर कंपनीनं आमच्यावर दावा लावला. म्हणणं असं, की मालाबरोबर पाठवलेले तपासणीचे दाखले खोटे आहेत, मशीननं एक आकडा दिला आणि दाखल्यावर दुसराच छापला. ते खरं होतं. दाखले पुढच्या ऑफिसात रणधीरच्या टेबलावर टाइप व्हायचे, हे फाउंड्रीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

कोर्टानं हुकूम दिला, की कॉम्प्युटरमधल्या सगळ्या नोंदी, सगळे ईमेल जसेच्या तसे ठेवा. आमच्याच वकिलांनी तसं पत्र फाउंड्रीला पाठवलं. काही पुसू नका, काही बदलू नका. आणि खाली, नोंदी सांभाळण्याची जबाबदारी कुणाची, त्यापुढं नाव होतं: नेताजी दत्तू चौगुले. मी ते पत्र चारदा वाचलं. पन्हाळ्यांच्या घरातलं कुणी नाही, मी. उद्या काही नाहीसं झालं तर आत कोण जाणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून शुक्रवारी दुपारी, लॅबचे गुलाबचाचा नमाजाला गेलेले असताना, मी त्यांच्या खुर्चीत बसून सगळी नक्कल उतरवून घेतली. कुणाला बोललो नाही. ती कोर्टाला द्यायची का आणखी कुणाला, तेही ठरवलेलं नव्हतं. आपल्याजवळ असू दे, एवढंच.

आता मंगळवारी कोर्टानं नेमलेल्या वकीलबाई गेटवर उभ्या होत्या. सोबत कॉम्प्युटरची दोन जाणकार माणसं आणि एक हवालदार. स्पेक्ट्रोच्या कॉम्प्युटरची नक्कल कोर्टाच्या ताब्यात घ्यायला ते आले होते.

मी डिस्क सोडवून टेबलावर ठेवली आणि तेवढ्यात भट्टीकडचं दार उघडून गुलाबचाचा आत आले. हातात चिमटा, चिमट्यात लाल बिल्ला. त्यांनी बिल्ला नळाखाली धरला, चर्र असा आवाज झाला, आणि मग त्यांचं लक्ष उघड्या डब्याकडं गेलं.

गुलाब मुल्लाणी तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. अंगानं किरकोळ, शर्ट कायम इस्त्रीचा, फाउंड्रीत राहूनही. डिप्लोमा अर्धवट सोडून मी घरी बसलो होतो तेव्हा माझ्या बापाच्या शब्दाखातर त्यांनीच मला इथं लावून घेतलं. बिल्ला घासताना उजव्या हाताची बोटं ते त्याच्यावरून नुसती फिरवायचे आणि मशीनच्या आधी सांगायचे, "गंधक जास्त आहे बघ ह्यात." मशीन तेच सांगायचं.

"काय चाललंय हे?" ते म्हणाले.

"चाचा, तुम्ही बाहेर व्हा," रणधीर म्हणाला.

"कोर्टाचा हुकूम आहे नव्हं?"

"बाहेर व्हा म्हणतोय ना."

चाचांनी चिमटा खाली ठेवला, दोन पावलं टाकली आणि टेबलावरची डिस्क उचलून छातीशी धरली. लहान मूल धरावं तशी.

"नेत्या," रणधीर म्हणाला, "घे त्याच्याकडनं."

"चाचा, द्या इकडं," मी म्हणालो.

"नाही द्यायचो."

मी त्यांचं मनगट धरलं. ते मागं सरकले. मी ओढलं, ते भिंतीला टेकले, तरी दोन्ही हातांनी डिस्क घट्ट धरून. एवढ्या किरकोळ माणसात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. आमची दोघांची झटापट चाललेली बघून रणधीर खवळला. "तुझ्यानं म्हातारा आवरंना?" असं म्हणत त्यानं खालचा चिमटा उचलला आणि चाचांच्या पाठीत घातला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसरा फटका मानेच्या खाली बसला तेव्हा चाचा कोसळले. त्यांचा चष्मा माझ्या बुटाखाली फुटला. ते पालथे पडले, उजवा हात पुढं पसरलेला आणि त्या हातात डिस्क.

मी खाली वाकून त्यांची बोटं सोडवायला लागलो. त्यांनी मान वळवली आणि माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं. मी ओरडून उभा राहिलो.

"बघतोयस काय नुसता?" रणधीर म्हणाला. "का त्याच्या बाजूचा आहेस तू?"

माझ्या पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट होते. मी पाय उचलला आणि चाचांच्या हातावर दिला.

वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. चाचा ओरडले नाहीत, त्यांच्या तोंडातून फक्त हवा बाहेर पडली. डिस्क घसरत गेली आणि नळाखालच्या मोरीत पडली. बिल्ले गार करायचं पाणी तिथं कायम साचलेलं असायचं, काळं, तेलकट. माझ्या आठवणीत हे सगळं असंच होतं, याच क्रमानं. मी पाय दिला, बोटं मोडली, डिस्क सुटली.

रणधीरनं मोरीत हात घालून ती काढली, शर्टाला पुसली आणि भट्टीकडच्या दारानं बाहेर पळाला.

"ओली आहे!" जमिनीवरून चाचा ओरडले. "नेताजी, अडव त्याला! ओली आहे ती! इराप्पाला सांग!"

फाउंड्रीत पहिल्या दिवशी हे शिकवतात. वितळलेल्या बिडात ओलं काही घालायचं नाही. रसाच्या पोटात पाणी गेलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ सगळा रस वर उडवते. ओल्या भंगारामुळं डोळे गेलेली माणसं मी पाहिली होती. रणधीर मालकाच्या घरातला, तो भट्टीसमोर कधी उभाच राहिला नव्हता.

मी पळालो. भट्टीच्या ओट्याच्या पायऱ्या चढत असताना मला ते वर दिसलं. रणधीरनं डिस्क रसात टाकली होती, पण ती बुडत नव्हती. बिडाचा रस जड. डिस्क वर तरंगत होती, तिची हिरवी सर्किटपट्टी पेटली होती, कडेनं फसफसत होतं. वाफ वरच्यावर निघून गेली असती तर काही झालं नसतं. तिथंच थांबला असता तर.

"बुडत का नाही ही?" असं म्हणत रणधीरनं रसावरची मळी काढायची लांब सळई उचलली.

भट्टीवाला इराप्पा कोळी रस काढायचा लांब दांड्याचा चमचा घेऊन पलीकडं उभा होता. सीमेपलीकडचा माणूस, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. वीस वर्षं त्या भट्टीवर होता. त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं. "बेडा! दादा, नको!" तो ओरडला आणि चमचा टाकून धावला.

रणधीरनं सळईनं डिस्क खाली दाबली.

आवाज असा झाला की पत्र्याच्या छपरावरची धूळ खाली आली. भट्टीच्या तोंडातून पिवळा पांढरा रस माणसाच्या उंचीएवढा उसळला. इराप्पानं रणधीरला खांद्यानं बाजूला लोटलं होतं आणि स्वतः त्याच्या जागी आला होता. रस त्याच्या छातीवर, मांडीवर, बुटात पडला. एक शिंतोडा रणधीरच्या डाव्या डोळ्यात गेला. मी पायऱ्यांवर होतो म्हणून वाचलो. माझ्या कोपरावर तीन थेंब पडले, तिथं अजून केस येत नाहीत.

इराप्पा पळाला. अंगावर पेटलेलं घेऊन माणूस पळतो, त्याला थांबवता येत नाही. तो वाळूच्या ढिगापर्यंत पळाला आणि तिथं पडला. मोल्डिंगच्या पोरींनी त्याच्यावर वाळू टाकली. तो कानडीत आईला हाका मारत होता. रणधीर ओट्यावर दोन्ही हातांनी तोंड धरून गुरासारखा ओरडत होता. बुटातला रस थिजला होता. इराप्पाचा बूट काढताना पायाचं कातडं बरोबर आलं. तो बूट मी काढला.

वॉचमननं गेट उघडलं ते अँब्युलन्ससाठी. तिच्या मागोमाग वकीलबाई आत आल्या. अॅडव्होकेट अनुराधा शेजवलकर. पन्नाशीच्या, आखूड केस, पायात साध्या चपला. त्यांनी वाळूवरचा माणूस पाहिला, मग लॅबमध्ये गेल्या. तिथं गुलाबचाचा भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर, पंजा भाजलेल्या वांग्यासारखा सुजलेला. बाईंनी उघडा डबा पाहिला, रिकामी जागा पाहिली.

"हे कुणी केलं?" त्यांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात फाउंड्रीच्या मॅनेजरनं टाइप केलेला जबाब माझ्यापुढं ठेवला. भट्टीत ओलं भंगार गेल्यानं स्फोट झाला. त्या गोंधळात गुलाब मुल्लाणी पडले आणि त्यांच्या हातावर पाय पडले. लॅबच्या कॉम्प्युटरमधली डिस्क आधीच बिघडल्यामुळं काढून टाकलेली होती. लॅबमधला कॅमेरा बंद होता. मी सही केली. माझ्या हाताला चावा घेतल्याच्या खुणा होत्या. हवालदारानं त्या खुणांकडं बघितलं आणि दुसरीकडं बघितलं.

लॅबमधला कॅमेरा बंद नव्हता. फाउंड्रीत अकरा कॅमेरे होते, लॅबमधला तिसरा. सगळ्यांचं चित्रण माझ्या खोलीतल्या पेटीत साठायचं. पोलिसांनी ती पेटी मागितली नाही. वकीलबाईंच्या हुकुमात कॉम्प्युटर आणि ईमेल होते, कॅमेऱ्यांचा उल्लेख नव्हता. पेटीत पंधरा दिवसांचं चित्रण मावायचं. सोळाव्या दिवशी सगळ्यात जुन्यावर नवीन चढायचं. मला काही पुसायची, काही जाळायची गरज नव्हती. मी नुसतं रोज कामावर येऊन चहा पीत बसलो असतो, तरी तो मंगळवार आपोआप नाहीसा होणार होता.

नवव्या दिवशी इराप्पा सरकारी दवाखान्यात वारला. त्याची बायको महादेवी व्हरांड्यात उभी होती, कडेवर मुलगी. मला बघून ती म्हणाली, "साहेब, तुम्ही बूट काढलासा म्हणे. तुमचे लई उपकार झाले." मी तिथून निघालो तो बसस्टँडवर जाऊन एका बाकड्यावर दोन तास बसून राहिलो.

अकराव्या दिवशी मी गुलाबचाचांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. खुतेजाचाची. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं नाही. चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, बाहेर आलेली बोटांची टोकं जांभळी.

"बस," ते म्हणाले.

मी खाली बसलो. म्हणालो, "चाचा, त्या डिस्कची नक्कल माझ्याकडं आहे."

"मला माहीत आहे."

मी मान वर केली.

"शुक्रवारी नमाजाहून आलो तर माझी खुर्ची खाली केलेली. तू बसतोस तेवढी. कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर तुझंच नाव. लेका, चोरी करायची तर खुर्ची तरी वर करून ठेवायची."

"मग तुम्ही ती डिस्क धरून कशाला बसलात? जाऊ द्यायची होती की!"

"लगेच दिली असती तर त्यानं काय विचारलं असतं?" चाचा म्हणाले. "म्हातारा एवढ्या सहज देतोय म्हणजे दुसरी कुठंतरी आहे. मग त्यानं तुझी झडती घेतली असती, तुझं घर उलटंपालटं केलं असतं. म्हटलं, जरा धरून ठेवावी. दोन-चार फटके खावेत. माणूस जीव तोडून धरतोय म्हणजे हीच एक आहे, असं त्याला वाटलं पाहिजे. मग सोडायची."

"पण तुम्ही सोडली नाहीत."

चाचांनी उशीवरची मान माझ्याकडं वळवली.

"सोडली की," ते म्हणाले. "तुला चावलो, तू उठलास, तेव्हाच सोडली. मोरीकडं ढकलून दिली. पाण्यात गेली तर जाऊ दे म्हटलं, खराब झाली तर बरंच. तो ती तशीच ओली भट्टीत नेईल हे डोक्यात आलं नाही. इराप्पा माझ्यामुळं गेला, नेताजी. ते माझ्याकडं आहे. पण तू पाय दिलास तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं."

"नाही चाचा," मी म्हणालो. "तुमच्या हातात होती. मी बघितलं की. पाय दिला म्हणून तर ती सुटली."

"असू दे मग."

"नाही, खरंच. मी काय उगीच..."

"असू दे म्हटलं ना," चाचा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

खुतेजाचाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आता जा तू, बाळ. त्यांना औषध घ्यायचंय."

तेराव्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी माझ्या खोलीत पेटीसमोर बसलो. चाचा चुकताहेत हे मला बघायचं होतं. माणूस मार खाऊन पडलेला, चष्मा फुटलेला, त्याला काय आठवणार? तिसरा कॅमेरा काढला, मंगळवार काढला. चित्राला आवाज नव्हता. वरून दिसत होतं, माणसांची डोकी, खांदे. कोपऱ्यात वेळ पळत होती.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सात सेकंद. डिस्क चाचांच्या हातातून सुटते. फरशीवरून घसरते. मोरीत पडते. पाणी उडालेलं दिसतं.

माझं डोकं त्या बाजूला वळतं. मी बघतो. म्हणजे मी बघितलं होतं.

अकरा बेचाळीस नऊ. मी पाय उचलतो.

मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. दर वेळी डिस्क आधी पडत होती.

जेवून लोक परत आले तेव्हा मी पेटी बंद केली, तिची डिस्क सोडवली, स्कूटरच्या डिकीतली दुसरी घेतली, आणि दोन्ही दप्तरात घालून वकीलबाईंच्या ऑफिसला जायला पुण्याची गाडी पकडली. फाउंड्रीत मी परत कधी गेलो नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. स्पेक्ट्रोच्या नोंदींमध्ये एकशे बारा ठिकाणी मशीनचा आकडा आणि दाखल्यावरचा आकडा वेगळा निघाला. ट्रॅक्टर कंपनीनं दावा जिंकला. हुकूम असताना पुरावा जाळला, याबद्दल कोर्टानं पन्हाळ्यांना जे सुनावलं ते वर्तमानपत्रात आलं. रणधीर एका डोळ्यानं आंधळा झाला आणि इराप्पाच्या मृत्यूबद्दल त्याला सहा वर्षांची सजा झाली. फाउंड्री विकली गेली. महादेवीला भरपाई मिळाली, ती मुलीला घेऊन माहेरी गेली. मला दीड वर्षाची झाली. खोटा जबाब आणि चाचांचा हात. खटल्यात मी काही नाकारलं नाही. साक्षीच्या वेळी गुलाबचाचांनी शपथ घेतली आणि डाव्या हातानं सही केली, अक्षर पोराटोरांसारखं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. सुटून आल्यावर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा चाचींनी दारातूनच सांगितलं की ते झोपलेत.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या पुण्यातल्या दुपारबद्दल.

शेजवलकर बाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी दोन्ही डिस्का घेतल्या, पाकिटात घालून मोहोर केली आणि माझ्यापुढं छापील कागद ठेवले.

"कोर्टात द्यायची यादी," त्या म्हणाल्या. "नोंदी सांभाळण्याची जबाबदारी तुमची होती, म्हणून यादी तुम्हीच करायची. प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, वेळ. आणि शेवटच्या रकान्यात तिच्यात काय आहे ते. सही तुमची."

मी तीन तास लिहीत बसलो. लॅबच्या नोंदी, ईमेल, मग कॅमेरे. सगळं लिहून झालं तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटानं वाचत खाली आल्या. एका ओळीवर थांबल्या.

"कॅमेरा तीन, मंगळवार, अकरा बेचाळीस," त्या म्हणाल्या. "शेवटचा रकाना रिकामा आहे."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी स्वतः बघून लिहू शकते, चौगुले. पण मग ती तुमची यादी राहणार नाही."

खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. मी पेन घेतलं. बाही मनगटावरून मागं सारली. जिथं चाचा चावले होते तिथं अजून खपली होती. मी लिहिलं: डिस्क मोरीत पडलेली दिसते. त्यानंतर नेताजी चौगुले हा गुलाब मुल्लाणी यांच्या रिकाम्या हातावर पाय देतो.

कागद त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी वाचलं. मग वर न बघता विचारलं:

"पाय किती वेळा दिला?"

"दोनदा," मी म्हणालो.

त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवला.

"तेही लिहा."